आजाराचं नाव घेनारी कुंदाताई

तोंड पाह्याच्या कितीतरी वर्सं आधी मी कुंदाताईचा आवाज ओळखत होती. यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर भोंग्यातून गाड्या सांगनारी बाई तीच. दारव्हा, दिग्रस, पुसद. आर्णी, महागाव, उमरखेड, ढाणकी. आमी तांड्यावरच्या बाया, पाटीवरची अक्षरं आमाले वाचता येत नाई. गठुडं मांडीखाली दाबून बसाचं अन् कान उघडे ठेवाचे. भोंगा म्हने, दिग्रसला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे, की उठाचं. त्या आवाजात गोडवा नव्हता, घाईबी नव्हती. जे हाये ते हाये, असा आवाज होता.

आता ती नाई. पन तिचं बोलनं मोबाईलात भरून ठेवलेलं हाये. माही सून भाकरी थापता थापता लावते. मी चुलीपाशी बसून आयकते. मेलेलं मानूस असं रोज घरात बोलते, पयले मले भेव वाटे. आता नाई वाटत.

माह्या छातीत गाठ निंघाली तवा मी कोनाले सांगतलं नाई. सुपारीएवढी होती, मंग लिंबाएवढी झाली. कापूस येचताना तो भराच्या ओटीची गाठ खांद्यावरून छातीवर येते, तिचा भार नेमका तिथंच पडे. मी ओटी दुसऱ्या खांद्यावरून बांधाले लागली, झालं. दुखन्याचं मले नवल नाई. नवरा इहिरीच्या कामावर दरड पडून गेला, तवा माहा पोरगा विनोद मांडीवर होता. ऊस तोडला, खडी फोडली, सडकेच्या कामावर डांबर टाकलं. बाई मानसानं दुखनं बोलून दाखवाचं असते हेच मले मालूम नव्हतं.

सुनेनं पाठ घासून देताना गाठ पाह्यली, अन् विनोद मले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. घरात तिघालेच खबर. तांड्यात सांगतलं, याडीची कंबर गेली, शेक घ्याले जाते. याडी म्हनजे आमच्या बंजाऱ्याच्या बोलीत आई.

हे लपवाचं कारन होतं माही नात, पायल. तिची सोयरीक ढाणकीकडच्या तांड्यावर, बळीराम नायकाच्या नातवासंगं जुळत आलती. पोरगं शिकेल, गरीब सोभावाचं. पायलच्या मनात तो भरला होता, तोंडानं सांगे नाई, पन मोबाईल वाजला की गोठ्यामांगं जाये. अन् आमच्यात सोयरीक कराची म्हनजे मेलेल्यालेबी उकरतात. गोत कोनतं, मामाकूळ कोनतं, आजा कशानं मेला, आजीले काय झालं. आजीच्या छातीत असा आजार हाये म्हनलं की संपलं. आज आजीले, उद्या नातीले, असं म्हनतात लोकं. म्हून मी ठरवलं, पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत माही कंबरच दुखन. मंग केस गेले, त पदर डोक्यावरून कधी सरकू देला नाई.

दवाखान्यात सलाईन लावाच्या खोलीत ओळीनं खुर्च्या. सगळ्या बाया पदर डोक्यावर घेऊन भिताडाकडं पाहत बसेल. कोनी कोनाले काई इचारत नाई. माह्या बाजूच्या खुर्चीवर येक बाई येऊन बसली. डोक्यावर येक केस नाई, फडकंबी नाई. कपाळावर मात्र रुपयाएवढं कुंकू. हातातलं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूनं बांधेल, ते तिनं उलटं करून पाह्यलं, मंग मले पाह्यलं.

"कशाचा आहे तुमचा?"

साऱ्या खोलीले आयकू गेलं. मी म्हनलं, कंबर दुखते.

"कंबरेला हे लाल पाणी लावत नाहीत, बाई. माझा छातीचा आहे. डावीकडचा. कॅन्सर."

आमच्याकडं त्या आजाराचं नाव कोनी घेत नाई. मोठा आजार म्हनतात, गाठीचा म्हनतात, नाईतर नुसता हात हलवतात. ही बाई असं नाव घेऊन राह्यली होती, जसं जावयाचं गाव सांगते. मी तोंड फिरवलं. पन आवाज ध्यानात आला. राहवलं नाई, इचारलंच, तुमी स्टँडवर गाड्या सांगत होत्या का?

ती हासली. दात मोठे, सारे दिसत. म्हने, रिटायर झाले, भोंगा सुटला, आवाज नाही सुटला.

मंग कायचं भिताडाकडं पाहनं. दर बारीले ती माह्या बाजूची खुर्ची धरून ठेवे. डब्यात फुटाने आने. स्वतःले खाऊ वाटे नाई, वास घेतला की मळमळे, पन खोलीत वाटत फिरे, सलाईनचा खांब हातात धरून. नव्या आलेल्या बाईपाशी जाऊन बसे अन् सांगे, पहिल्या दिवशी काही होत नाही, तिसऱ्या दिवशी तोंड येईल, ताक प्या. कोनी तिले बिचारी म्हनलं की चिडे. म्हने, आजार झालाय मला, चोरी नाही केली मी.

तिच्या घरचंबी मंग हळूहळू कळलं. बाप कोर्टात कारकून, नवरा तहसीलात. त्याले आमी सारे नाना म्हनत होतो. पांढरे कपडे, हळू बोलनं. त्याह्यच्या घरात दुखनंबी दार लावून बोलाची रीत. कुंदाताईचे केस गेले तवा तिची जाऊ पाहुन्याले सांगे, वहिनीला पित्ताचा त्रास आहे. कुंदाताई आतून म्हने, पित्तानं टक्कल पडत असतं तर अर्धं यवतमाळ टकलं असतं.

येक दिवस ती तशीच, उघड्या डोक्यानं भाजी घ्याले गेली. मेथीवाली हात जोडून म्हने, बाई, तिरुपतीले जाऊन आल्या का, प्रसाद नाई आनला. कुंदाताई म्हने, तिरुपती नाही गं, कॅन्सर. मेथीवालीच्या हातातली जुडी खाली पडली. मंग तिनं ती जुडी फुकट देऊ केली. कुंदाताईनं घेतली नाई. तिथं उभं राहून तिनं त्या मेथीवालीले सारं समजावून सांगतलं, छाती हातानं कशी चाचपून पाहाची, गाठ लागली तर काय कराचं. गिऱ्हाईक खोळंबलं. सांगताना गिऱ्हाईकबी आयकाले लागलं. घरी आल्यावर ती नानाले म्हने, भाजीच्या ठेल्यावर बाया ऐकतात तर घरी बसूनही ऐकतील. तिच्या पोरीनं पुन्याहून फोनवर शिकवलं, अन् कुंदाताईनं ते सुरू केलं, पॉडकास्ट. मी त्याले मोबाईलचा रेडिओ म्हनो. ती म्हने, तेच समजा.

मी पाह्यलं हाये ते कसं कराची. सलाईन घेऊन उशीर झाला की ती मले घरी नेत होती. गाद्या ठेवाची येक बारकी खोली. दाराले दोन गोधड्या लटकवल्या, पंखा बंद. घामानं ती निथळून जाये, पदरानं टक्कल पुसे. नाना बाहेर स्टुलावर बसे, दूधवाला नाईतर पेपरवाला आला की तोंडावर बोट ठेवे. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली की कुंदाताई थांबे, घड्याळ पाहे, अन् जिथं सोडलं तिथून धरे. सुरुवात नेहमीची. लक्ष द्या, कुंदा बोलते आहे, आज अमुक गोष्ट सांगणार आहे. असं, जसं गाडी सांगते.

अन् सांगे तरी काय. केस कसे उशीवर राहातात. पोट आठ-आठ दिस साफ होत नाई, त्याले काय खावं. सलाईनच्या दुसऱ्या दिवशी मराची भीती कशी वाटते अन् चौथ्या दिवशी जिलेबी खावी वाटते. येक दिवस तिनं सांगतलं, ऑपरेशन झाल्यापासून नवरा भिंतीकडं तोंड करून झोपतो, त्याला राग नाही, तो घाबरलाय, पण मला त्याची पाठ पाहून रडू येतं. गोधडीच्या पल्याड नाना बसेल होता. त्यानं आयकलं. मी त्याच्याकडं पाह्यलं, तो खाली जमिनीकडं पाहत होता. या नानानंच सुरुवातीले म्हनलं होतं, घरातलं रस्त्यावर कशाला नेते. मले वाटलं आता भांडन होईन. सकाळी उठली त नाना चहा करून राह्यला होता. साखर जास्त झालती. कुंदाताईनं अर्धा कप पेला अन् काई बोलली नाई. तिचं गप बसनं मी तेवढंच पाह्यलं.

मले ती नेहमी म्हने, झमकीबाई, तुम्ही पण बोला. तांड्यावरच्या बायांना माझं ऐकून काय होणार, त्यांना तुमचं ऐकू द्या. मी म्हनो, नातीचं लगन होऊ द्या. ती म्हने, नाव नाही घेणार, गाव नाही सांगणार, कोणाला कळणार नाही. लय दिस मी नाई म्हनलं. पन येक दिवस आमच्या खोलीतली पाटणबोरीकडची येक तरनी बाई आली नाई, गेली म्हने. गाठ फुटेपर्यंत तिनं लपवून ठेवलं होतं, लाजेपायी. त्या दिवशी कुंदाताईच्या घरी जाऊन मीच म्हनलं, लावा तुमचं यंत्र.

गोधड्याच्या आत बसली, त तोंडातून शब्द निंघेना. नुसतं बसून, तोंडासमोर मोबाईल धरून आपलं दुखनं सांगाचं, हे मले कसं जमन? आमच्यात रीत येगळी. बंजाऱ्याच्या बाया लय दिसानं भेटल्या की येकमेकीच्या गळ्यात पडतात अन् चालीत रडतात. रडता रडताच साऱ्या खबरा सांगतात, कोन गेलं, कोनाले काय झालं, सासरी काय सोसलं. रडन्यातच आमचं बोलनं. मी कुंदाताईले म्हनलं, मले तसंच येते. ती म्हने, मग तसंच करा.

मी तिच्या गळ्यात पडली अन् सुरू केलं, आमच्या बोलीत. गाठ कशी लागली, ओटी खांदा बदलून कशी बांधली, पोरीसाठी तोंड कसं शिवलं. नवरा गेला तवा रडली नव्हती, तेबी त्यातच आलं. कुंदाताईले येक शब्द कळत नव्हता. पन तिनं मले सोडलं नाई, माही पाठ धरून बसली. तिकडं कुकर वाजला, दाराची बेल वाजली, ती हालली नाई. संपलं तवा मले लय हलकं वाटलं, जसं डोक्यावरचा भारा बांधावर टेकवला. जेवली अन् बसून बसूनच डोळा लागला.

चूक झालती ती आमाले दोघीलेबी दिसली नाई. कुंदाताईनं सुरुवातीले सांगतलं, या आजींचं नाव-गाव मी सांगणार नाही. अन् आमच्या रडन्याची सुरुवातच नावगावानं होते. आधी बापाचा तांडा सांगाचा, मंग भावायची नावं घ्याची, मंग आपलं. त्याच्याबिगर चाल उचलतच नाई. भाजीत मीठ टाकलेलं ध्यानात राह्यते का, तसं ते. मी साऱ्या भावायची नावं घेतली अन् म्हनलं, तुमची झमकी आता चालली रे भावांनो, भेटून घ्या. असं म्हनाचीच चाल हाये. चालली म्हनजे काई लगेच निंघाली असं नाई.

मंग कोनीतरी कुंदाताईचं बोलनं कापून नुसती रडन्याची सुरुवात मोबाईलवरून पुढं धाडली. तांड्या-तांड्यातून ते फिरत फिरत ढाणकीकडं पोचलं. बळीराम नायकाच्या घरवालीनं, चांदीबाईनं, आयकलं. बापाचा तांडा आयकला, भावायची नावं आयकली, झमकी चालली आयकलं. तिले वाटलं मी मेली, अन् माह्या घरची कोनी बाई माह्या नावानं रडून राह्यली. आता होनाऱ्या सोयऱ्याच्या घरी मयत झालं म्हनल्यावर फोन करून, खरं का, असं कोनी इचारत नाई. लाजेची गोष्ट हाये ते. निंघाचं अन् येवाचं.

मी अंगनात मिरच्या खुडून राह्यली होती. त बांधाकडून बायायचं रडनं आयकू आलं. जीपमधून उतरल्या, रडत रडत येऊन राह्यल्या. आमच्यात असं रडनं आलं की आधी इचाराचं नसते, आधी जाऊन गळ्यात पडाचं असते. मी हात पुसले अन् पुढं गेली. पुढं चांदीबाईच होती. तिचं डोक्स पदरात, मले तिनं पाह्यलंच नाई. मी तिच्या गळ्यात पडली अन् तिच्यासंगं रडाले लागली. मिरच्यायनं डोळे भरेलच होते. चांगली दोन-तीन कडवी रडून झाल्यावर हळूच इचारलं, बाई, गेलं कोन?

चांदीबाईनं पदर बाजूले केला. माह्याकडं पाह्यलं.

"तू," ती म्हने.

सगळं थांबलं. मांगची येक बाई हासली, मंग दुसरी, मंग साऱ्याच हासाले लागल्या, रडून हासाले लागल्या. सुनेनं पानी आनलं. चांदीबाई माह्या गालाले हात लावून पाहे. मंग पानी पेऊन झाल्यावर तिनं इचारलं, त रडत कोन होतं?

मी म्हनलं, मीच.

कायले?

कंबर दुखते असं सांगता आलं असतं. तोंडात आलंबी होतं. पन येवढ्या दुरून ती माह्यासाठी रडत आलती, तिचा गळा बसला होता. मी म्हनलं, मले कॅन्सर हाये. छातीचा.

हासनं बंद झालं. चहा झाला. सून भाकरी टाकाले बसली, त चांदीबाई म्हने, राहू दे, दूर जाचं हाये. आमच्यात सोयऱ्याच्या घरून न जेवता उठनं म्हनजे काय, ते बोलून सांगा लागत नाई. जीप गेली. पायल दारात उभी होती. खाली वाकली अन् माह्या मिरच्याची पाटी उचलून आत नेली.

विनोदनं त्याच येळी कुंदाताईले फोन लावला अन् नाई नाई ते बोलला. तिनं सारं आयकून घेतलं. म्हने, चूक माझी आहे. मला भाषा कळत नव्हती, कोणाला ऐकवून घ्यायला हवं होतं. रडणं मी काढून टाकते, पण जे पसरलं ते मला परत घेता येणार नाही. मी येते.

आठ दिस झाले, ढाणकीहून निरोप नाई. कुंदाताईचं सलाईन झालेलं होतं, अंगात ताकद नव्हती, तरी आली. नाना संगं. विनोद धरून आमी चौघं ढाणकीच्या गाडीत बसलो. वाटेनं तिले उलटी झाली. पिशवीत केली, पिशवीले गाठ मारली, घड्याळ पाह्यलं अन् मले म्हने, तुमचे व्याही कडक आहेत का? मी म्हनलं, व्याही नाई, विहीन. ती म्हने, मग बरं, बायांशी बोलता येतं.

पन बोलला बळीराम नायकच. ओसरीवर खाटेवर बसेल, म्हातारा, मिशा पांढऱ्या. चांदीबाई खांबाले टेकून, तोंड फिरवून. नायकानं आमाले पानी देलं अन् सरळ कुंदाताईले इचारलं, बाई, तुमी शिकलेल्या हा, तुमालेबी तोच आजार हाये म्हनतात. मले येक सांगा. हा आजार लागते का? अन् पोरीले होईन का?

विनोद तिच्याकडं पाहून राह्यला. मीबी. तिनं नाई म्हनावं, होत नाई, कधीच होत नाई, येवढंच आमाले पाह्यजे होतं. तिच्या तोंडून निंघालं असतं त म्हातारा मानला असता.

ती म्हने, "लागत नाही. एका ताटात जेवलं तरी लागत नाही. पण पोरीला होणारच नाही, असं मी सांगणार नाही. तुमच्या नातवाला होणार नाही असंही नाही सांगणार. माझ्या घरात कोणालाच नव्हता, मला झाला. पोरीची आजी आजारी आहे, तर पोरीनं वेळेवर तपासत राहावं, एवढंच खरं आहे. डॉक्टरला विचारा, तोही हेच सांगेल."

विनोदनं डोकं खाली घातलं. मी मनात म्हनलं, बाई, येवढं खरं बोलाले तुले माह्याच नातीचं लगन भेटलं का.

नायक डोळे मिटून बसेल होता. डोळे उघडून म्हने, तुमी यवतमाळच्या स्टँडवर होत्या ना?

ती म्हने, हो.

मंग त्यानंच सांगतलं. त्याची पोरगी अडली होती, पयलं बाळंतपन, अन् तो औषध घ्याले यवतमाळले आलता. संध्याकाळची ढाणकी गाडी पकडाची होती. सारे लोक फलाटावर वाट पाहत. खिडकीतला येक मानूस म्हने, येईन, येईन. अन् भोंग्यातून या बाईनं सांगतलं, ढाणकी गाडी बिघडली आहे, आज येणार नाही, वाट पाहू नका. लोकं तिच्या खिडकीवर धावून गेले, शिव्या देल्या. तिनं पुन्हा तेच सांगतलं. नायक म्हने, मी उठलो, आर्णीपर्यंत ट्रक धरला, तिथून दुसरा धरला, घरी पोचलो. जे वाट पाहत बसले ते तिथंच झोपले. माही पोरगी वाचली.

तो चांदीबाईकडं वळला. म्हने, या बाईले खोटं बोलाचं असतं त आत्ता बोलली असती. याच्याहून चांगला टाईम कोनता होता?

चांदीबाई खांब सोडून माह्यापाशी आली. माह्यावर तिचा राग आजाराचा नव्हताच. म्हने, "खोटं काहून बोलली? मी ढाणकीपासून तुह्यासाठी रडत आलती."

मी म्हनलं, "सांगतलं असतं त तुमी सोयरीक मोडली असती."

"मोडली असती," ती म्हने.

"अन् आता?"

चांदीबाईनं कुंदाताईकडं पाह्यलं, तिच्या उघड्या डोक्याकडं, नानाकडं, मंग माह्याकडं.

"आता जेवा," ती म्हने.

आमी जेवलो. बाजरीची भाकर, तुरीचं वरन, वरून तूप. कुंदाताईले अन्नाचा वास सहन होत नव्हता हे मले मालूम होतं, पन तिनं येक भाकर पुरी खाल्ली. परतीच्या गाडीत ती खिडकीले डोक्स टेकवून बसली. मी म्हनलं, ताई, तुमी नाई म्हनल्या असत्या त काय बिघडलं असतं? ती म्हने, मलाही तेच वाटत होतं, बाई. फार घाबरले होते मी. तवर मले वाटे की या बाईले भेवच नाई. घरी येऊन पायलले सांगतलं, त ती पुन्हा गोठ्यामांगं गेली, मोबाईल घेऊन. तवा माह्या जिवातला भार उतरला.

लगन उन्हाळ्यात झालं. माह्या डोक्यावर तवर नवे केस आलते, मऊ, कोकराच्या अंगावर असतात तसे. कुंदाताईचा आजार मात्र हाडात गेलता. तेबी तिनं मोबाईलात सांगून टाकलं होतं, म्हून कोनाले तिले इचारावं लागलं नाई. नाना तिले धरून घेऊन आला. अक्षता टाकल्या, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मंग म्हने, झमकीबाई, जरा टेकते. मी लिंबाखाली सतरंजी टाकून देली.

तिले हाडाच्या दुखन्यानं घरी झोप लागत नव्हती, नाना मले सांगत होता. अन् तिथं, बँजो वाजून राह्यला, पोट्टे नाचून राह्यले, येवढ्या कल्लोळात ती झोपली. तोंड उघडं, पदर घसरेल, घोरून राह्यली. नाना तिच्या उशाशी बसून, चपला हातात धरून. चांदीबाई, ती माही कडक विहीन, जाऊन बँजोवाल्याले म्हने, तो भोंगा तिकडच्या वावराकडं फिरवा. त्यानं फिरवला. मी बाजूले बसून कागदाच्या पत्रावळीनं माशा हाकलत होती.

त ढाणकीकडच्या काई बाया आल्या. येक तरनी, तिच्या मांगं दोघी-तिघी, पदर दातात धरून. इथं ती मोबाईलवरची बाई हाये म्हने. जरा इचाराचं होतं. येक जन उठवाले खालीबी वाकली.

मी तिचा हात धरला. म्हनलं, तिले उठवू नका, लय दिसानं झोपली हाये. कॅन्सरचं इचाराचं हाये ना? मले बी हाये. इथं बसा, मले इचारा.

त्या सतरंजीच्या कोपऱ्यावर बसल्या. कुंदाताई तशीच झोपेल होती. त्याच्यानंतर मी तिले पाह्यलं नाई.